मुरुमं का येतात, आणि घरच्या उपायांनी खरंच जातात का?

शेवंती:
लेक पंधरा वर्षांची आहे. दीड वर्ष झालं, कपाळावर आणि गालांवर मुरुमं येतायत. आधी नुसती बारीक पुरळ होती, आता त्यातली काही मोठी, लाल आणि दुखरी असतात. कुशीवर झोपली की ठणकतात म्हणते. औषधांच्या वाटेला जायला नको म्हणून आम्ही दोघींनी ‘नैसर्गिक’ म्हणून जे जे वाचलं ते करून पाहिलं: हळद, मध, मातीचा लेप, वाफ, दिवसातून पाच वेळा चेहरा धुणं. मागच्या आठवड्यात तिने लिंबाचा रस लावला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी गाल भाजल्यासारखा झाला होता. आरशासमोर उभी राहून मला म्हणाली, “आई, मी चेहरा नीट धूत नाही का गं?” मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून हा धागा. मुळात ही का येतात? घरच्या घरी किती आटोक्यात ठेवता येतात? आणि घरचे उपाय कुठे थांबवायचे, हे कसं ओळखायचं? अनुभव असतील त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

रानजाई:
शेवंतीताई, आधी लेकीला जवळ घेऊन सांगा की तिचं काहीही चुकलेलं नाही. मी तिच्या वयाची असताना हे मला कुणी सांगितलं असतं तर चार वर्षं मान खाली घालून काढली नसती.

गंधाली:
वाचनखूण साठवतेय. धाकटा भाऊ याच फेऱ्यात अडकलाय.

सूक्ष्मदर्शी:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण कारण कळलं की निम्मे उपाय आपोआप गळून पडतात.

कातडीवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, मुलींमध्येसुद्धा. त्यांनी ही ग्रंथी मोठी होते आणि जास्त तेल सोडू लागते. त्याच सुमारास छिद्राच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून छिद्राला बूच बसतं. वरून बंद राहिलं तर व्हाइटहेड, तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. त्यात कातडीचंच रंगद्रव्य, मेलॅनिन असतं, आणि हवेच्या संपर्काने तेलही काळवंडतं. घासून तो जाणार नाही.

बुचाखाली क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू वाढतो (२०१६पर्यंत याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत). तो आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो, नितळ चेहऱ्यावरही. शरीर या सगळ्याला प्रतिकार करतं आणि मग लाली, सूज, पू.

म्हणजे गोष्ट कातडीच्या आत घडते. वरून कितीही धुतलं तरी बूच निघत नाही. उलट पाच वेळा धुतल्याने कातडीचं संरक्षक आवरण निघून जातं आणि जळजळ वाढते. दोन वेळा, सौम्य फेसवॉशने, बोटांनी, कोमट पाण्याने. बस.

१२ ते २४ या वयात सुमारे ८५ टक्के लोकांना कमी-जास्त मुरुमं येतातच. आणि जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघाला आहे. तेव्हा लेकीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही बाळा, तू चेहरा नीटच धुतेस, जरा जास्तच धुतेस.

शेवंती:
डॉक्टर, हे तिला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने.

आडवाट:
पेशींचं सगळं मान्य आहे, पण मूळ पोटात आहे असं माझं मत. पोट साफ नसलं की अंगातली उष्णता चेहऱ्यावर उमटते. आमच्याकडे सगळ्यांचा हाच अनुभव. खाणं सुधारलं की चेहरा सुधारतो.

दिठी:
आडवाट, तुमचं अर्धं पटतं, अर्धं नाही. बद्धकोष्ठतेने मुरुमं येतात याला आधार मिळत नाही. पण खाण्याचा संबंध नाही असं जे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं तेही तितकंसं खरं नव्हतं.

याची गोष्ट वाचण्यासारखी आहे. १९६९मध्ये ६५ जणांवर एक प्रयोग झाला. काहींना चॉकलेटची वडी दिली, काहींना बिनचॉकलेटची. मुरुमांत फरक पडला नाही, म्हणून ‘खाण्याचा संबंध नाही’ हे पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते! मग फरक दिसणार कसा?

पुढे २००२मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या १२०० लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. एकालाही मुरुमं नव्हती, त्यात १५ ते २५ वयाचे ३०० जण होते. कंदमुळं, फळं, मासे, नारळ हा त्यांचा आहार. साखर, मैदा, दुग्धजन्य पदार्थ जवळजवळ नाहीत. अर्थात तिथे आनुवंशिकताही वेगळी असणार, म्हणून यावरून थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण २००७मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांनी रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केले त्यांची मुरुमं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली.

गोड आणि मैदा खाल्ल्यावर इन्सुलिन उसळतं, त्यातून अँड्रोजेनला आणि तैलग्रंथींना चालना मिळते. उष्णता म्हणा हवं तर, पण वाट ही आहे.

आडवाट:
नाव काही द्या, खाणं सुधारा हेच मी म्हणत होतो. :)  मात्र किटावाची माहिती नवीन होती, आभार.

पोलादी:
माझा अनुभव याच्याशी जुळतो. व्यायाम सुरू केला आणि व्हे प्रोटीन घेऊ लागलो. दीड-दोन महिन्यांत पाठ आणि खांदे भरून गेले. घामामुळे असेल म्हणून दोन-दोनदा अंघोळ, काही उपयोग नाही. शेवटी एकाने सांगितलं म्हणून व्हे बंद करून पाहिलं. तीन महिन्यांत पाठ बरीच मोकळी झाली. व्हे हा दुधातलाच अंश.

सूक्ष्मदर्शी:
पोलादी, असे रुग्ण मी बरेच पाहते. दुधाचाही, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, मुरुमांशी संबंध पाहण्यांत दिसला आहे, पण तो प्रत्येकाला लागू नाही. वाढत्या वयाच्या मुलीचं दूध परस्पर बंद करू नका. सहा-आठ आठवडे कमी करून पाहावं, फरक नसेल तर पुन्हा सुरू करावं. तिच्या ताटाला बंदीचं स्वरूप येऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. मुरुमांपायी खाण्याची भीती बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

निरभ्र:
शेवंतीताई, एक विचारू? कपाळावर जास्त आहेत म्हणालात. ती केसांना काय लावते? आणि कपाळावर बट सोडते का?

शेवंती:
रोज रात्री खोबरेल तेल चोपडते, केस दाट व्हावेत म्हणून. आणि हो, मुरुमं झाकायला हल्ली कपाळावर केस ओढून घेते.

निरभ्र:
मग तिथे एक धागा सापडला बघा. केसांचं तेल रात्रभर कपाळावर आणि उशीवर उतरतं. खोबरेल छिद्रं बुजवणारं तेल मानलं जातं. माझ्या बहिणीची फक्त कपाळाची आणि कानशिलाची मुरुमं होती, तेल बंद केलं आणि दोन-अडीच महिन्यांत निवळली. तेल लावायचंच तर धुण्याआधी तासभर, केसांच्या कडेपासून दूर. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

सूक्ष्मदर्शी:
निरभ्र, अगदी नेमकं. केशतेलाने येणाऱ्या मुरुमांना आमच्या शास्त्रात वेगळं नावच आहे. तसंच घर्षणाने येणाऱ्यांचं: हेल्मेटचा पट्टा, मास्क, हनुवटी तळहातावर टेकून बसायची सवय. २०२०मध्ये मास्कमुळे अशी मुरुमं घेऊन कितीतरी जण आले होते.

चांदणचुरा:
मी टी ट्री तेलाची चाहती आहे. कापसाने थेट फोडावर लावते, दोन दिवसांत बसतो.

रानजाई:
थेट नको गं! मी तेच केलं होतं. सालं निघाली, महिनाभर तिथे काळा डाग.

दिठी:
टी ट्रीच्या बाजूने पुरावा मात्र आहे. १९९०मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर तुलना झाली: एका गटाला ५ टक्के टी ट्री तेलाचं जेल, दुसऱ्याला ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरुमांवर नेहमी वापरलं जाणारं औषध. दोन्हींनी मुरुमं कमी झाली. टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी झाली. पण लक्षात घ्या, ५ टक्के. बाटलीतलं तेल शंभर टक्के असतं.

खलबत्ता:
मी औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर. या धाग्यात ‘नैसर्गिक’ शब्द ज्या विश्वासाने येतोय त्यावर थोडं लिहावंसं वाटतं.

लिंबू नैसर्गिक आहे, पण त्याच्या रसाचा सामू (pH, आम्लता मोजायचं माप; आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) २च्या आसपास आणि कातडीचा ५च्या आसपास. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणजे लिंबाचा रस कातडीपेक्षा जवळपास हजारपट आम्ल. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. खाण्याचा सोडा याच्या उलट बाजूला, तोही वाईटच. आणि टूथपेस्ट दातांसाठी आहे, कातडीसाठी नाही.

आता दुसरी बाजू. अझेलेइक ॲसिड गहू, बार्ली, राय या धान्यांत सापडतं. सॅलिसिलिक ॲसिडची ओळख माणसाला विलो झाडाच्या सालीतून झाली. ही दोन्ही आज मुरुमांवरची मान्यताप्राप्त औषधं आहेत. मग यांना नैसर्गिक म्हणायचं की रासायनिक? झाडातून आलं की प्रयोगशाळेतून, हे कातडीला कळत नाही. तिला एवढंच कळतं की काय लावलं, किती टक्के, किती वेळ.

कापूसकोंडा:
+१. शेवटची तीन वाक्यं दोनदा वाचली.

शेवंती:
मग हळद, मध, कोरफड यांतलं काहीच ठेवू नको का? सगळंच काढून घेतलं तर तिला वाटेल की आपल्या हातात काहीच उरलं नाही.

खलबत्ता:
ठेवा ना. कोरफडीचा गर थंडावा देतो, इतर औषधांनी कोरडी पडलेली कातडी शांत करतो. आधी कानामागे लावून एक दिवस थांबा, काहींना खाज सुटते. मधात जिवाणूंना रोखण्याचा गुण आहे, पण मुरुमांवर त्याचा पुरावा तुटपुंजा. दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुतला तर सहसा त्रास होणार नाही. मातीचा लेप वरवरचं तेल शोषतो, आठवड्यातून एकदा पुरे, आणि तडकेपर्यंत वाळू द्यायचा नाही. वाफ मात्र लालसर कातडीला अजून चेतवते, ती सोडा. यातलं काही बूच काढणार नाही हे मनात स्वच्छ असू द्या, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

मृगजळ:
मी ३१ वर्षांची. शाळा-कॉलेजात चेहरा काचेसारखा होता, आणि सत्ताविशीनंतर जबड्यावर, हनुवटीवर आणि मानेवर खोल, गाठीसारखी मुरुमं. दोन वर्षं लेप आणि काढे. पाळी दोन-दोन महिने लांबायची, हनुवटीवर राठ केस येत होते, पण या तीन गोष्टी एकमेकींशी जोडून पाहाव्यात हे सुचलंच नाही. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी आणि संप्रेरकांशी संबंधित विकार. उपचार सुरू झाल्यावर चेहरा हळूहळू निवळला. ज्या कुणाला मोठ्या वयात अशी मुरुमं येतायत आणि पाळी अनियमित आहे त्यांनी आरशाआधी डॉक्टर गाठा.

हिरवळ:
आणि कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराचे बारीक फोड, त्यांना प्रचंड खाज असेल तर ती मुरुमं नसूही शकतात. माझी बुरशीमुळे आलेली निघाली. सहा महिने मुरुमांची प्रतिजैविकं घेत होते आणि ती वाढतच होती. बुरशीवरचं औषध मिळालं तेव्हा काही आठवड्यांत गेली.

सूक्ष्मदर्शी:
हिरवळ म्हणते ती मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीची. प्रतिजैविकांनी बुरशीचे प्रतिस्पर्धी जिवाणू मरतात, म्हणून ती अजून फोफावते.

यात आणखी एक जोडते. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी म्हणून कुणाकडून तरी घेतलेलं क्रीम लावत असाल तर आधी त्यावरचे घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा झकास दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते आणि मुरुमांचं पेव फुटतं. बंद केलं की उसळी येते म्हणून लोक पुन्हा तेच लावतात. हे चक्र डॉक्टरांच्या मदतीने तोडा.

रातकिडा:
माझ्या अनुभवाने पुटकुळीला दिनदर्शिका वाचता येते. परीक्षा, मुलाखत, फोटो, एकही तारीख चुकवत नाही.

दिठी:
रातकिडा, तुमच्या निरीक्षणाला शास्त्राची साथ आहे! २००३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांची परीक्षेच्या काळात आणि एरवी अशी तपासणी केली. ताण जितका वाढलेला तितकी मुरुमं वाढलेली. त्यात आपण ताणात असलो की हात सारखा चेहऱ्यावर जातो.

काळवीट:
इतके दिवस नुसता वाचत होतो, आता लिहितो. वय ३८.

मला चौदाव्या वर्षी सुरू झाली. घरच्यांचं म्हणणं एकच, “वयाचं आहे, जाईल आपोआप.” प्रेमानेच म्हणायचे, त्यांना दोष देत नाही. मी नखांनी फोडायचो. कळत होतं की फोडू नये, पण परीक्षेचा अभ्यास करताना हात आपोआप जायचा. गालांवर सुपारीएवढ्या गाठी झाल्या तरी लेप चालू होते. एकोणिसाव्या वर्षी स्वतः कमवायला लागलो तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. आयसोट्रेटिनोइन दिलं, जीवनसत्त्व अ गटातलंच औषध. साताठ महिन्यांत मुरुमं गेली. खड्डे मात्र राहिले. डाग फिकट होतात, खड्डे भरत नाहीत. मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचण्याचा उपचार) केलं, थोडा फरक पडला. आजही खिडकीच्या उजेडात कुणी समोर बसलं की मी नकळत चेहरा वळवतो.

शेवंतीताई, दुखऱ्या मोठ्या गाठी असतील तर धाग्यावर उत्तरं शोधत बसू नका. पाच वर्षं मी ‘नैसर्गिक’ वाट पाहिली. मला ती पाच वर्षं परत हवीत.

रानजाई:
काळवीट, लिहिलंत हे फार बरं केलंत.

आडवाट:
काळवीटजी, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. मीही त्याला आजवर ‘जाईल आपोआप’ हेच सांगत आलो. आज त्याला घेऊन बसेन.

सूक्ष्मदर्शी:
काळवीट यांच्या प्रतिसादातच शेवंतीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नुसते ब्लॅकहेड, व्हाइटहेड आणि थोडे लाल फोड असतील तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही, पण १२ आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबा. खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, घरात कुणाला खड्डे पडलेले असतील, किंवा मूल आरसा आणि माणसं टाळू लागलं असेल तर एक आठवडाही थांबू नका. हे शेवटचं कारणसुद्धा पुरेसं आहे.

१२ आठवडेच का? तर डोळ्यांना दिसण्याआधी ते बूच आत साधारण दोन महिने तयार होत असतं. आज दिसलेला मुरूम जवळपास दोन महिन्यांपूर्वीचा आहे. दर आठवड्याला उपाय बदलला तर कुठलाच लागू पडल्याचं कळत नाही. आणि औषध नेहमी संपूर्ण भागावर पातळ लावायचं, नुसत्या फोडावर नाही, कारण पुढचा फोड शेजारी तयार होत असतो.

आयसोट्रेटिनोइनबद्दल: फार प्रभावी आहे, पण गर्भारपणात घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय, उरलेल्या गोळ्या दुसऱ्याने, असं कधीही नाही.

गंधाली:
भावासाठी विचारते, बेन्झॉइल पेरॉक्साइड १० टक्क्यांचं घेतलं तर लवकर गुण येईल का?

खलबत्ता:
नाही. २.५ टक्के जवळपास तितकंच काम करतं आणि त्रास कमी होतो. एक दिवसाआड सुरू करा, वर मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्यालाही मॉइश्चरायझर लागतं, छिद्रं न बुजवणारं बघून घ्या.

रातराणी:
आणि डागांचं काय? मुरुमं गेली, पण गालावर तपकिरी ठिपके तसेच.

सूक्ष्मदर्शी:
सावळ्या कातडीत ते जास्त टिकतात. सपाट असतील तर ते व्रण नाहीत, काही महिन्यांत फिकट होतात. ऊन त्यांना गडद करतं, म्हणून रोज सनस्क्रीन. अझेलेइक ॲसिड डाग आणि मुरुमं दोन्हींवर चालतं, गर्भारपणातही सुरक्षित मानलं जातं.

शेवंती (अकरा आठवड्यांनी):
धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगणं माझं कर्तव्य आहे.

काळवीट यांचा प्रतिसाद वाचला त्याच दिवशी वेळ घेतली. डॉक्टरांनी ॲडॅपलीन (छिद्रांतलं बूच सुटायला मदत करणारं लावायचं औषध) रात्री आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळी दिलं. पहिले तीन आठवडे कातडी सोलली आणि चेहरा उलट बिघडल्यासारखा दिसला. ती रडली, मीही हादरले. इथे वाचलं होतं म्हणूनच टिकलो. घरचं म्हणाल तर केसांना रात्रीचं तेल बंद, अभ्रा दर तीन दिवसांनी, सकाळ-संध्याकाळ एकेकदा चेहरा, कोरफड ती स्वतः लावते. गोड पेयं तिने आपणहून सोडली, मी काही बोलले नाही. दूध चालू आहे.

नव्या गाठी गेल्या महिन्यात आल्या नाहीत. कपाळ बरंच मोकळं झालंय. गालांवर डाग आहेत, दोन ठिकाणी बारीक खळगा राहील असं डॉक्टर म्हणाले. मला वाईट वाटलं. तिला सांगितलं तर म्हणाली, “दोनच ना.” परवा केस मागे बांधून बाहेर पडली. दीड वर्षात पहिल्यांदा.

काळवीट:
डोळे भरून आले, ताई. तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

रानजाई:
केस मागे बांधून!! किती छान.

शेवंती:
एक छोटा प्रश्न राहिला. तिच्या निळ्या अभ्र्यावर आणि टॉवेलवर पांढरे धब्बे पडलेत, धुऊन जात नाहीत. साबणाचं काही आहे का?

खलबत्ता:
बेन्झॉइल पेरॉक्साइड रंग उडवतं, ते धब्बे आता जाणार नाहीत. अभ्रे आणि टॉवेल पांढरेच वापरा, आणि औषध पूर्ण वाळल्याशिवाय रंगीत कपडे डोक्यातून घालायचे नाहीत.